नदीचे मूळ, आडनावाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांतले पहिले अर्धे आम्ही पैनगंगेच्या काठचे लोक फारसे मनावर घेत नाही. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, हे भूगोलाच्या पुस्तकात छापलेलेच आहे, आणि तेथवर जाऊन आल्याने कुणाची अब्रू जात नाही. दुसऱ्या अर्ध्याची गोष्ट निराळी. ऋषी तर राहोतच, पण साध्या शेतकऱ्याचे कूळ शोधायला निघालेला मनुष्यदेखील दोन-चार भाऊबंदांशी बोलणे बंद करूनच परत येतो. मी तसाच परत आलो आहे, म्हणून हा लेख.

दिवाळीच्या अंकात पितरांचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. आश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजन होते हे सगळ्यांना माहीत असते. परंतु त्याच संध्याकाळी उल्का, म्हणजे जळते कोलीत, हाती धरून पितरांना परतीची वाट दाखवावी, असेही धर्मशास्त्राने सांगितले आहे. महालयासाठी आलेले पितर ह्या उजेडात आपल्या लोकी जातात, अशी कल्पना. आता कोलिते गेली, आकाशकंदील राहिले. पण वाट दाखवायची तर कोणाला, हा प्रश्न उरतोच. श्राद्धात नावे घ्यावी लागतात ती तीन पिढ्यांची. पिता, पितामह आणि प्रपितामह. वसु, रुद्र आणि आदित्य ह्यांची ती रूपे. त्यापलीकडचे पुरुष नावाविना गर्दीत मिसळतात. चौथ्या पिढीला माणूस विसरतो हे शास्त्रकारांनी इतक्या सहजपणे गृहीत धरले आहे, की ज्याला मृत्यूची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवली, आणि ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र सांगण्याची मुभा दिली.

आमचे गाव फुलसावंगी. यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका. सावंगी नावाची गावे विदर्भात आणि मराठवाड्यात इतकी आहेत की नुसते सावंगी म्हटल्याने टपालवाल्याचाही उलगडा व्हायचा नाही. म्हणून प्रत्येकीला काही ना काही जोडलेले असते. जालन्याकडे घनसावंगी आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघे आहे. तेथे तर आडनावच गावाच्या नावामागे जाऊन बसले आहे. एरवी आपली समजूत अशी की गाव माणसाला आडनाव देते, पण देवघेव दोन्ही बाजूंनी चालते ती अशी. म्हणजे गावांनाही आडनावे असतात, आणि ती माणसांच्या आडनावांसारखीच गर्दीत ओळख पटावी एवढ्यासाठी पडलेली असतात.

आणि येथेच पहिली गंमत आहे. फुलसावंगीत फुलसावंगीकर शोधून सापडायचा नाही. पुसदेत पुसदकर कशाला असेल? सगळा गावच पुसदेचा! जो मनुष्य गाव सोडून दुसरीकडे जातो त्यालाच तेथले लोक मागच्या गावाच्या नावाने ओळखतात. ‘कर’ हे राहिल्याचे नव्हे, निघून आल्याचे चिन्ह आहे. पुण्यामुंबईकडे ज्यांच्या आडनावात कोकणातले किंवा देशावरचे एखादे खेडे असते त्यांनी ते खेडे आपले म्हणून मिरवावे, पण त्या खेड्याने आपल्याला ठेवून घेतले नाही हेही त्याच आडनावात लिहिलेले असते. दुष्काळ पडला असेल, भाऊबंदकी झाली असेल, मुलुखगिरीत गाव जळाले असेल, नाही तर सावकाराचा तगादा असेल. सुखाने कोणी गाव सोडत नाही.

आमच्या टापूतल्या कुठल्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडून वाचावे. इतिहासाचे पुस्तक वाचल्यासारखे होते. राठोड, चव्हाण, जाधव, पवार, आडे ही नावे आली की तांड्यावरची मुले. कदम, शिंदे, वानखेडे, राऊत आले की बहुधा कुणबी-मराठ्यांची; बहुधा म्हणतो, कारण जाधव आणि चव्हाण दोन्हीकडे आहेत. देशमुख आणि देशपांडे आले की परगण्याच्या जुन्या वतनाची आठवण. नावाच्या शेवटी ‘वार’ आले की घराणे तेलंगणातून वर आलेले समजावे. तेलुगूत ‘वारु’ हा आदराचा, मंडळी ह्या अर्थाचा प्रत्यय आहे. अमक्या घरची मंडळी, असा त्याचा भाव. मराठीत शिरताना त्याचा उकार गळाला आणि ती मंडळी इथली झाली. मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा पश्चिमेकडच्या पुष्कळांना ते आडनाव उच्चारताना अडखळायला झाले असेल. आम्हांला त्यात काही नवल नव्हते. शेख, सय्यद, पठाण ही मुलेही त्याच हजेरीत असतात. त्यांच्या घरात वंशवृक्षाला शजरा म्हणतात आणि शजरा म्हणजे झाडच. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात काही मुसलमान घराण्यांचे आडनाव देशमुख किंवा पाटील आहे. वतन हे धर्म विचारून चिकटत नव्हते, काम विचारून चिकटत होते.

मग मडावी, आत्राम, टेकाम, मरकाम, कुमरे. ही गोंडांची कुळे. गोंडीत टेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. टेकामांचे झाड साग आणि मरकामांचे आंबा. आंध लोक तर आमच्या भागातले जुने रहिवासी. रसेल आणि रायबहादुर हिरालाल ह्यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आंधांच्या काही कुळांची नावे मांजर, टिटवी अशा प्राणिपक्ष्यांवरून आल्याचे नोंदले आहे. हे वाचून हसणाऱ्या मराठ्याने आपल्या घरच्या लग्नातले देवक आठवावे. कळंबाची डहाळी किंवा मोराचे पीस मांडवात पूजल्याशिवाय त्याचेही लग्न लागत नाही, आणि देवक एक निघाले तर सोयरीक मोडते. आडनाव पुष्कळदा वरून घातलेले असते. देवक, कुलदैवत आणि मामेकूळ ही खालची जुनी वीण. आमच्याकडे मुलगी बघायला आलेली म्हातारी माणसे आडनाव ऐकून नुसती मान हलवतात आणि मग विचारतात, “मामेकूळ कोणतं?” खरी चौकशी तेथून सुरू होते.

सारखे आडनाव म्हणजे सारखे रक्त, ही समजूत जितकी पसरलेली आहे तितकीच कच्ची आहे. सिंदखेडचे जाधवराव, म्हणजे जिजाबाईंचे माहेर, आपले मूळ देवगिरीच्या यादवांत सांगतात. पण सगळे जाधव देवगिरीचे म्हणू लागलो, तर यादवांना राज्य करायला सवडच मिळाली नसती. कोणी धन्याचे आडनाव घेतले, कोणी पाटलाचे, कोणी ज्या सरदाराच्या पागेत चाकरी केली त्याचे. घराणे थोर झाले की वंशावळ लांबत जाते हेही खरे. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक करून घ्यायचा झाला, तेव्हा वेरूळच्या पाटिलकीवर न थांबता भोसल्यांची वंशावळ उदेपूरच्या सिसोदियांपर्यंत नेऊन भिडवावी लागली. ज्याने स्वतःच्या मनगटावर राज्य उभे केले त्यालाही पूर्वजांचा दाखला मागणारे लोक होतेच. तो दाखला खरा की जुळवलेला, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझ्या मते त्यात महाराजांच्या मोठेपणाला काही लागत नाही आणि काही कमीही होत नाही.

आडनाव हे वाटते तितके जुने नाही. तेराव्या शतकातले लीळाचरित्र घ्या. चक्रधरस्वामींच्या भोवती वावरणारी किती माणसे त्यात भेटतात! नागदेवाचार्य, महदाइसा, सारंगपंडित, म्हाइंभट. कोणाला गावावरून ओळखतात, कोणाला विद्येवरून, कोणाला नात्यावरून. पण आज आपण नाव-वडिलांचे नाव-आडनाव अशी जी तीन मजली इमारत उभी करतो ती तेथे नाही. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या यशवंत खुशाल देशपांड्यांनी महानुभावांच्या पोथ्या उजेडात आणण्याचे मोठे काम केले. त्या पोथ्या वाचताना मला नेहमी वाटते की ह्या माणसांचे आडनावावाचून काहीच अडले नव्हते. पेशवाईतही बाळाजी जनार्दन भानू हा फडणिशी करतो म्हणून नाना फडणवीस झाला, आणि भानू मागे पडले.

आमच्याच विदर्भातली तीन माणसे पाहा. डॉक्टर पंजाबराव देशमुखांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी हे वतन. ते आडनाव झाले. शेणगावच्या झिंगराजी जानोरकरांचा मुलगा डेबूजी १८७६ मध्ये जन्मला, पुढे घर सोडून हातात खराटा आणि गाडगे घेऊन गावोगाव हिंडला. जानोरकर ह्या आडनावात एक गाव होते, ते गेले. लोकांनी मातीच्या भांड्याचे नाव त्याला दिले आणि तेच राहिले; आज त्या नावाने विद्यापीठ आहे. तिसरे वसंतराव नाईक. आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. कूळ राठोड. पण तांड्याचा जो पुढारी तो नाईक, आणि ते पद घराण्यात टिकले म्हणून आडनाव झाले. कन्नमवारांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९६३ मध्ये, ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. वतन, भांडे आणि पद. तिघांच्याही नावात जन्माचे कूळ नाही, आणि तिघांनाही लोक त्यावाचून ओळखतात.

मग आडनावे घट्ट झाली कधी? सरकारने वही उघडली तेव्हा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे जमिनीची मोजणी झाली, शेतांना नंबर पडले, आणि कोणत्या नंबराचा खातेदार कोण हे लिहिण्याची गरज निर्माण झाली. तरीसुद्धा जुने कागद पाहिले तर ‘अमका वल्द तमका’ एवढेच पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. बापाचे नाव, जात, गाव, संपले. जन्म-मृत्यूच्या नोंदी गावचा कोतवाल ठेवी. त्याला आम्ही कोतवाल बुक म्हणतो, आणि वऱ्हाडात वंशावळ शोधणाऱ्याचे खरे पंढरपूर तेच. त्यातही आडनाव असेल तर भाग्य. आडनाव पक्के केले ते शाळामास्तरांनी. मुलाला दाखल करताना रकाना मोकळा ठेवायचा नसतो. बापाने सांगितले ते लिहिले. बाप गोंधळला तर मास्तरांनी सुचवले. कित्येक घराण्यांत दोन भावांची आडनावे वेगळी दिसतात, त्याचे कारण एवढेच की एकाला एका मास्तरांनी घातले आणि दुसऱ्याला त्यांची बदली झाल्यावर दुसऱ्यांनी.

कागद शोधणाऱ्याने आमच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी. पुसदचा मुलूख १९०५ पूर्वी वाशीम जिल्ह्यात होता. त्या वर्षी जिल्ह्यांची फेररचना झाली आणि तो यवतमाळला जोडला गेला. म्हणजे पणजोबांच्या नोंदीवर जिल्हा बाशीम लिहिलेला दिसला तर ते दुसरे कोणी, असे समजून पान उलटू नये. नदीपलीकडची कथा त्याहून अवघड. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार, पलीकडे निजामाचा. इकडे मराठी आणि मोडी, तिकडे दप्तर उर्दूत. माहूर आमच्या रेणुकेचे ठाणे. इकडच्या कित्येक घरांची ती कुलदेवता. पण १९५६ पर्यंत किनवटचा मुलूख माहुरासकट आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो नांदेडकडे आला. ज्यांची अर्धी भावकी अलीकडे आणि अर्धी पलीकडे, त्यांना आपल्याच आज्याला भेटायला दोन सरकारे, दोन भाषा आणि तीन लिप्या ओलांडाव्या लागतात.

कागदाबाहेरच्या वह्याही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या प्रसिद्धच आहेत. आपण तेथे उतरावे, गाव आणि आडनाव सांगावे. उपाध्ये लांबट वही सोडतात आणि आपल्या पणजोबांची सही आपल्यापुढे ठेवतात. ज्याने हे अनुभवले नाही त्याला त्या क्षणी डोळ्यांत पाणी का येते ते सांगून समजणार नाही. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार सगळीकडे अशा वह्या आहेत. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळीच्या संस्थेने घेऊन ठेवली आहेत. कोल्हापूर-सोलापूरकडे हेळवी बैलावर बसून दारी येतात आणि कुळाची नामावळ म्हणून दाखवतात. बंजाऱ्यांत हे काम भाटांचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर घराण्यांची, गावांची आणि नावांची व्युत्पत्ती हा आयुष्यभराचा ध्यास केला; त्यांची सगळीच मते आज टिकत नाहीत, पण खेड्यातल्या माणसाच्या नावातही इतिहास दडलेला असतो, हे आम्हांला त्यांनी शिकवले. त्यांच्यामागून कुलवृत्तांतांची लाट आली. पुण्यामुंबईच्या घराण्यांनी जाड जाड ग्रंथ काढले. कोणाला किती मुले, कोण कोठे नोकरीस, सुनेचे माहेर कोणते, सगळे छापले. चांगलेच केले. पण तीर्थयात्रेला जायला पैसा लागतो, आणि ग्रंथ छापायला त्याहून अधिक. ज्याचा आजा कधी गावाबाहेर गेला नाही त्याचे नाव कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. आमच्या आडनावात नदीपलीकडच्या एका गावाचे नाव आहे. ते आडनाव येथे लिहीत नाही. त्या आडनावाची माणसे आणखीही आहेत आणि त्यांनी भांडायला यावे अशी माझी इच्छा नाही. माझ्या चुलतभावाने मोठ्या हौसेने घराण्याची वंशावळ करायला घेतली. पाच पिढ्या तोंडपाठ होत्या, सहावा पुरुष एका जुन्या खतावर सापडला. तो त्या गावाहून आला, फुलसावंगीला वावर केले, त्याचा मुलगा आमचा खापरपणजोबा, आणि तेथून आम्ही सगळे. चित्र सुंदर जमले. छापायला द्यायचे तेवढे राहिले होते.

मी मध्ये पडलो ते एका पोरकट शंकेपायी. खापरपणजोबांच्या मृत्यूची तारीख मिळाली तर बरे, म्हणून कोतवाल बुकाची नक्कल काढली. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली. ते वाचून म्हणाले, “नाव तुमचंच, गाव तुमचंच, पण वल्द वेगळा आहे.” खापरपणजोबांच्या बापाचे नाव वंशावळीतल्या सहाव्या पुरुषाचे नव्हते. चुलतभाऊ म्हणाला, कोतवालाची चूक. कोतवालाला चूक करण्याचा अधिकार आहे हे मान्य. पण ती त्याने पुढे दुसऱ्या एका नोंदीत तशीच्या तशी का करावी?

उलगडा केला तो आमच्या मोठ्या काकूंनी. नव्वदी ओलांडलेली बाई. तिला विचारण्यात एक अडचण असे. नवऱ्याचे, सासऱ्याचे, त्याच्या बापाचे नाव ती मरेपर्यंत घेणार नाही; उखाण्यात घेतले असेल तेवढेच. त्यामुळे बोटे मोजून, ‘ह्यांचे ते, त्यांचे ते’ असे म्हणत वर जावे लागे. ती तशी वर गेली आणि थांबली. मग म्हणाली, “ते वावर त्या बुढीच्या बापाचं व्हतं, बापा. बुढा मांगून आला.”

बुढा मागून आला! सहाव्या पुरुषाला मुलगा नव्हता. एकुलती मुलगी होती. तिच्यासाठी नदीपलीकडून जावई घरात आणला, आणि गावाने त्या घराला जे नाव होते तेच त्याच्या मुलांना लावले. म्हणजे आमच्या आडनावातले गाव आमच्या बापाकडचे नव्हेच; ते एका बाईच्या बापाचे. आम्ही तिच्याकडून ते आडनाव घेतले, तिचे वावर घेतले, तिच्या बापाच्या देवघरातले टाक पुजले, आणि वंशावळ लिहायची वेळ आली तेव्हा जावयाला मुलगा करून तिला मधून काढून टाकले. कोणी मुद्दाम केले नसेल. वरून खाली पुरुषांची नावे मांडत गेले की ती आपोआप गळते.

ह्यावर घरात जे झाले त्याचे वर्णन सणासुदीच्या अंकात शोभायचे नाही. घरजावयाची औलाद म्हणवून घ्यायचे का, मुलींच्या सोयरिकी व्हायच्या आहेत, असा एकाचा सवाल. दुसऱ्याचा त्याहून व्यवहारी: जुने काढले तर पलीकडचे भाऊबंद वाटा मागायला येतील. इतक्या वर्षांनी कोणाचा वाटा आणि कसला वाटा! पण वावर म्हटले की विदर्भातला मनुष्य चुकूनही विनोद करत नाही. चुलतभाऊ माझ्याशी सहा महिने बोलला नाही.

वंशावळ म्हणजे केवळ हौस, असे मीही पूर्वी समजत असे. तसे नाही हे तांड्यावरच्या आणि पोडावरच्या माणसाला विचारावे. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर पूर्वज कोठे राहत होता आणि त्याची जात काय लिहिली आहे ह्याचा जुना कागद लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या आधीचा. बंजारा माणसाचा पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत होता. रेल्वे आली, गाडीरस्ते झाले, ती लदेणी बुडाली आणि तांडे एका जागी बसले. फिरत्या माणसाची नोंद कोणत्या कोतवालाने करावी? तांड्याचे नावसुद्धा नाईकाच्या नावावर; नाईक बदलला की तांड्याचे नाव बदलले. त्याच्या मुलाने शिक्षणासाठी वंशावळ लिहून आणायची, तहसीलदारांपुढे शपथेवर मांडायची, आणि प्रत्येक कडीला कागद जोडायचा. ज्याने आमच्यासारखा सात पिढ्या एकाच वावरात मुक्काम केला त्याचीच पाचव्या कडीला दांडी उडते, तर त्याचे काय होत असेल?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली. काम मराठवाड्यापासून सुरू झाले आणि पुढे राज्यभर गेले. तेव्हा वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली दप्तरे खाली उतरली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कार्यालयाच्या ओट्यावर बसून लोक आपल्या आज्या-पणज्यांची नावे एकमेकांना विचारताना मी पाहिले आहेत. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरायचे नाही. पण ज्यांनी कधी श्राद्धाखेरीज आजोबांचे नाव घेतले नव्हते ते पणजोबांच्या नावासाठी म्हाताऱ्यांच्या पायाशी बसले, एवढे त्या धावपळीत घडले. एक म्हातारा मला म्हणाला की आयुष्यात प्रथमच त्याच्या नातवाने त्याला काही विचारले.

आमच्या घरचा तंटा शेवटी काकूंनीच मिटवला, म्हणजे त्या कोणाशी भांडल्या नाहीत. अक्षय्य तृतीयेला पाण्याची घागर भरताना त्यांनी एक घागर जास्त मांडली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागरी पुजतात. ही कोणाची, असे सुनेने विचारले. “त्या बुढीची,” त्या म्हणाल्या. चुलतभाऊ तेथेच उभा होता. संध्याकाळी तो वंशावळीचा कागद घेऊन माझ्याकडे आला.

आम्ही सहाव्या पुरुषाखाली रेघ ओढून चौकट केली. तिच्या शेजारी जावयाची, त्याच्या खऱ्या वडिलांच्या नावासह. तिच्या चौकटीत काय लिहायचे ते मात्र ठरेना. काकूंना तिचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या सासूनेही तिला बुढीच म्हटले होते. खतावर तिचा उल्लेख नाही. मी पुन्हा नक्कल काढायला गेलो आणि तिच्या मृत्यूची असावी अशी नोंद सापडली. नावाच्या जागी लिहिले होते, अमक्याची बायको.

तर्पणाच्या शेवटी, ज्यांचे नाव आणि गोत्र कोणाला ठाऊक नाही, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी एक ओंजळ सोडतात. ती सोडताना ह्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी डोळ्यांपुढे होते. वंशावळ छापून झाली आहे. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा प्रत्येक घरी एकेक प्रत द्यायची आहे. ती एक चौकट मोकळी आहे. मोकळ्या जागेवर चुलतभावाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे: नाव विचारणे.